देवघराखालून गेलेला पाइप

रंगनाथ परभणीत राहायला आला तो अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत झाला आणि आठ-पंधरा दिवसांत जिल्ह्यातल्या त्याच्या खेड्यात बौद्ध वस्तीतली नऊ घरं जळाली. त्यातलं तिसरं त्याचं. आई मालनबाई, बायको लक्ष्मीबाई आणि पत्र्याची एक पेटी घेऊन तो एसटीत बसला, स्टेशनामागच्या वस्तीत भाड्याने खोली घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोटारपंपाच्या एका दुकानात सामान उचलायच्या कामाला लागला. त्या दिवसांबद्दल तो पुढे फारसं बोलला नाही. कोणी विचारलंच तर "आलो मग इकडं" एवढं म्हणून विषय संपवायचा.

दहावीपर्यंत शिकलेला होता आणि त्याच्या डोळ्यांत माप होतं. नळाचं तोंड नुसतं पाहून तो दोन इंची की अडीच इंची ते सांगायचा, आणि मालक फुटपट्टी लावून खात्री करायचा. वर्षभरात तो सामान उचलायचा सोडून विहिरीवर पंप बसवायला जाऊ लागला. तेव्हा जायकवाडीच्या कालव्याला पाणी आलेलं, शेतोशेत पाइपलाइन टाकायची घाई. लोखंडी नळ मागे पडून प्लास्टिकचे करडे पाइप आले होते. ते स्टोव्हवर तोंडाशी तापवायचे, मऊ झाले की दुसऱ्या पाइपावर चढवून रुंद करायचे आणि सोल्युशन लावून एकात एक बसवायचे, हे काम रंगनाथच्या हाताला असं बसलं की चार-पाच वर्षांत लोक दुकानाचं नाव न घेता 'रंगनाथ फिटरला पाठवा' असं सांगू लागले.

फिटर या नावाचं त्याला अप्रूप होतं. त्याच्या बापाला, सीतारामला, गावात जातीच्या नावाने हाक मारत. छप्पन सालानंतर सीतारामने मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं, तर गावाने त्याला रोजगारावर घेणं सोडलं. रंगनाथला आता जी हाक ऐकू येत होती ती त्याच्या कामाची होती, आणि ती जाऊ नये म्हणून तो जपून राही. हातपंपाशेजारच्या नाल्या, मोऱ्या, गटारं, असलं काम आलं की सरळ नाही म्हणायचा.

त्याचा जोडीदार मुंजाजी चारठाण्याकडचा. पूर्वी सालगडी होता, मग सालाला कंटाळून रंगनाथच्या हाताखाली आला. तोंडाळ, पण कामाला वाघ. दोघं एका डब्यात जेवत. याबद्दल गावाकडे कोणी बोललंच तर मुंजाजी सांगायचा की रंगनाथच्या घरचा ठेचा एकदा खाऊन बघा आणि मग बोला.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मानवतच्या दिनकररावांचा निरोप आला. दिनकरराव म्हणजे साठ एकरांचे धनी. दोन वर्षांपूर्वी रंगनाथने त्यांच्या शेताला कालव्यापासून पाइपलाइन टाकून दिली होती. मध्ये डांबरी सडक आडवी आली. ती खोदायला परवानगी मिळेना, तेव्हा सडकेखाली पूर्वीपासून पडून असलेला खापरी नळ त्याने शोधून काढला आणि त्याच्या पोटातून नवा पाइप ओढून पलीकडे नेला. दिनकरराव ते विसरले नव्हते.

या वेळी काम घरातलं होतं. संडास घराच्या मागच्या अंगाला आणि मैल्याची टाकी पुढच्या अंगणात. मधला बेचाळीस फुटांचा सहा इंची खापरी नळ स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या खालून गेलेला. तो कुठेतरी फुटला होता. देवघराच्या फरशीला ओल आली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या आडाच्या पाण्याला वास मारू लागला होता. गावातल्या दोन मिस्त्रींनी फरशी उखडून चर खणा असं सांगितलं. दिनकररावांच्या पत्नी नर्मदाबाई ते ऐकायला तयार नव्हत्या. पोखर्णीचा नृसिंह त्यांचं कुलदैवत. वैशाखातलं त्याचं नवरात्र जवळ आलेलं, आणि घट बसल्यावर देव हलत नाहीत.

"सडकंखालून नेलास," दिनकरराव म्हणाले, "तसा माझ्या घराखालून ने."

रंगनाथ लगेच हो म्हणाला नाही. विचार करून सांगतो म्हणून परभणीला आला आणि जेवताना आईपुढे विषय काढला. मालनबाईने हातातला घास ताटात ठेवला.

"ढोरं वढायची सोडली तवा तुजा बाप दोन साल अर्ध्या भाकरीवर ऱ्हायला. पर पुन्ना दोरीला हात लावला न्हाई. आन तू आता त्यांच्या संडासात हात घालायलास?"

"हात न्हाई घालत माय. पाइप घालायलोय."

"सुरवातीला पाइप. मग लोक कायबी काढाया बोलीवतील. फिटर म्हनायचे न्हाईत मग."

रंगनाथलाही हीच भीती होती, पण सहा इंचात चार इंची पाइप ओवायचा विचार डोक्यातून जात नव्हता. रात्रभर विचार करून त्याने त्यातून एक वाट काढली, आणि ती त्याच्या धंद्यातलीच होती. विहिरीत पंप सोडायच्या आधी गाळ काढून द्यायचा तो मालकाने, ही रीत सगळीकडे होती. फिटर गाळाला हात लावत नाही. तीच रीत इथे लावायची.

मानवतला जाऊन त्याने दिनकररावांना तसं सांगितलं. नळ आणि संडासाबाहेर नळाच्या तोंडाशी असलेलं चेंबर मालकाने धुऊन द्यायचं, ते पण घरच्या माणसाने. पैसे देऊन कोणाला उतरवलं तर तो आल्या पावली परत जाणार. बापाने सोडलेलं ओझं दुसऱ्या कोणाच्या आईच्या पोराच्या डोक्यावर द्यायचं नव्हतं त्याला, पण हे तो बोलला नाही.

दिनकररावांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी विचारलं, "सालगडी चालंल का? तो घरचाच हाय."

"सातबाऱ्यावर नाव हाय का त्याचं?"

दिनकरराव हसले, मान हलवली आणि कबूल झाले. कबूल झाले खरे, पण ठरल्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला धुणं म्हणणं अवघड होतं. धोतराचा सोगा नाकाला लावून, सहा हात लांब उभं राहून त्यांनी पंचवीस-तीस बादल्या पाणी चेंबरात भिरकावलं, वरून चुना आणि फिनेल टाकलं आणि दोनदा आंघोळ केली. तरी नळ बऱ्यापैकी साफ झाला. रंगनाथने ते धुणं म्हणून धरलं. घरातल्यांनी काम संपेपर्यंत संडास वापरायचा नाही, असं बजावून तो कामाला लागला.

मालनबाई त्याच्याबरोबर आली होती. परभणीच्या स्टँडवरच तिने सांगितलं होतं की मीही येते आणि बघते. तिला नको म्हणायची सोय नव्हती. मागच्या ओसरीच्या पायरीवर, चेंबर समोर दिसेल अशा बेताने ती बसली आणि तंबाखूची चंची काढली. नर्मदाबाईंनी चहा दिला, तो कपबशीतून. मालनबाईने कपबशी फिरवून पाहिली, कपाचा कान तुटलेला नव्हता, आणि चहा प्यायली.

मुंजाजीने एकमेकींना बांधलेल्या बांबूच्या कामट्या मागच्या चेंबरातून नळात सारायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने तो घाम पुसत रंगनाथकडे आला.

"नळ बेचाळीस फुटाचा म्हनलास ना? माजी कामटी साठ फूट आत गेली गड्या. मालकानं नळ सेलूपातुर टाकलाय का काय?"

कामट्या ओढून काढल्या तर टोकाला काळं, चिकट काहीतरी आलं. रंगनाथला ओळखेना. नर्मदाबाई ओसरीवरून खाली आल्या, लांबूनच वास घेतला आणि म्हणाल्या की हा पेवाचा वास आहे.

मग उलगडा झाला. घर बांधायच्या आधी ती जागा दिनकररावांच्या आजोबांचं धान्याचं खळं होती, आणि तिथे ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव होतं, वर तोंड लहान आणि खाली पोट मोठं. सहासष्ट साली घर बांधलं तेव्हा पेव बुजवलं. नर्मदाबाईंच्या सासूबाईंचं म्हणणं असं की पेवात दगड टाकला तर त्या घराच्या धान्याचे दगड होतात. म्हणून मुरूम-दगड न टाकता कडबा, तुराट्या आणि चुलीची राख भरून वर हातभर माती घातली, त्यावरून नळ टाकला आणि फरशी बसवली. वीस वर्षांत कडबा कुजून खाली बसला. त्याच्यावरची माती बसली, तिच्यावरचा नळ मोडला. मागच्या चेंबरापासून सतरा फुटांवर सुमारे तीन फूट नळच नव्हता. दोन्ही बाजूंना नळाची तोंडं आणि मध्ये अंधारी पोकळी. घराण्याने सगळं रीतीने केलं होतं आणि त्या रीतीनेच घात केला होता.

मुंजाजीचं मत झालं की आता खणल्याशिवाय गत्यंतर नाही. रंगनाथ विडी ओढत बराच वेळ चेंबराच्या काठावर बसला. मग त्याने कामट्या बाजूला ठेवायला सांगितलं आणि पंपाच्या सामानातून अर्धा इंची लोखंडी नळ काढला. त्याचे तीन-तीन फुटांचे तुकडे आटे पाडून आणलेले होते. एकाला एक पिळून जोडत त्याने ते आत सारले. कामटी पोकळीत वाकून खाली पडत होती. लोखंड वाकलं नाही, पोकळी ओलांडून सरळ पलीकडच्या नळाच्या तोंडात घुसलं आणि पुढच्या अंगणात निघालं. त्या लोखंडाला बांधून त्याने जाड तार घराखालून पलीकडे नेली. पुढचं टोक चेनपुलीला लावलं, जिच्याने ते विहिरीतून पंप वर काढत, आणि चेनपुली लिंबाच्या बुंध्याला. मागचं टोक जमिनीत ठोकलेल्या पहारीला. तार ताणली की ती घराखाली सतारीच्या तारेसारखी ताठ झाली.

पाइपाचे तीन-तीन फुटी तुकडे त्याने आधीच एका तोंडाशी तापवून, रुंद करून आणले होते. तारेचं मागचं टोक बांधायच्या आधीच ते सगळे तिच्यात ओवले होते, माळेत मणी ओवावेत तसे. पहिल्या पाइपाच्या तोंडाला लाकडी चकती बसवली आणि तिला मधोमध भोक, म्हणजे तोंड तारेवरच राहील, पेवात पडणार नाही. मग एकेक पाइप चेंबरात उतरवायचा, पुढच्याच्या रुंद तोंडाला सोल्युशन लावून त्यात बसवायचा, पाच मिनिटं धरायचा आणि दुसऱ्या पहारीने रेटायचा. पुढे मुंजाजी तार ढिली पडू देत नव्हता. चेंबरात उतरायची गरज नव्हती. काठावर पालथं पडून हात खाली सोडले की पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा पाइप गेले. सहाव्यासरशी पुढचं तोंड पोकळीत आलं आणि तारेवर तोललं गेलं. आता थांबून चालणार नव्हतं. पाइपाचं वजन तारेवर जास्त वेळ राहिलं तर ती झोल खाईल आणि तोंड पलीकडच्या नळाच्या खाली जाईल, हे रंगनाथने मुंजाजीला पुढच्या अंगणात जाऊन सांगितलं. सातवा पाइप लगेच बसवायचा होता.

सेलूहून दिनकररावांच्या आत्या, कस्तुराबाई, नवरात्रासाठी दुपारच्या गाडीने आल्या होत्या. संडास बंद आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्या सरळ आत गेल्या, आणि बाहेर येताना नीटनेटक्या बाईसारखं दोन बादल्या पाणी ओतून आल्या.

रंगनाथ सोल्युशनचा डबा घेऊन चेंबराशी आला तेव्हा चेंबर अर्धं भरलं होतं. सहाव्या पाइपाचं तोंड त्यात बुडालेलं होतं. ते पुसून कोरडं केल्याशिवाय सोल्युशन धरणार नव्हतं. हातभर अंतर होतं. एक डबा आणि एक फडकं घेतलं तर दहा मिनिटांचं काम. दिनकरराव शेतावर गेलेले. मालनबाई पायरीवरून बघत होती.

रंगनाथने डब्याचं झाकण लावलं, उठला आणि आईशेजारी पायरीवर येऊन बसला.

नर्मदाबाई बाहेर आल्या. काय झालं ते त्याने सांगितलं. किती वेळ आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा तार किती वेळ धरेल ते सांगता येत नाही, म्हणाला. तुमी काढता का, असं त्यांनी विचारलं नाही. ठरलं काय होतं ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, दिनकरराव काही येत नव्हते. आत गेल्या, रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या, पदर खोचला आणि चेंबराच्या काठावर गुडघे टेकून बसल्या.

"वहिनी, मालकांना येऊ द्या की," रंगनाथ म्हणाला.

"सासूबाईंचं तीन वर्सं अंथरुणातलं मी काढलं," नर्मदाबाई वाकता वाकता म्हणाल्या. "ह्यांनी एक दिस खोलीत डोकावलं न्हाई. आता काय येतेत."

त्यांनी डब्याने चेंबर उपसलं, फडक्याने कोपरे पुसले, पाइपाचं तोंड आतून बाहेरून पुसून कोरडं केलं. नेटकं काम, एकाही हालचालीत घाई नव्हती की किळस नव्हती. उठल्या तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले होते. ओसरीवर नगरपालिकेच्या नळाचं पिण्याचं पाणी भरलेला रांजण होता. आडाचं पाणी बंद झाल्यापासून घर त्याच्यावर चाललं होतं. त्यात हात घालता येईना.

"आजी, हातावर पाणी घाला की जरा."

मालनबाईने रांजणाकडे पाहिलं.

"ह्यातलं?"

"मंग आनि कुठलं हाय?"

मालनबाई उठली. रांजणावरचं झाकण तिने उचलून बाजूला ठेवलं, तांब्या आत बुडवला आणि नर्मदाबाईंच्या हातांवर धार धरली. एक तांब्या झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तिने पायांवर घ्या म्हणून खुणावलं. कस्तुराबाई आतून खिडकीतून बघत होत्या, त्या काहीतरी पुटपुटल्या. काय ते कोणी विचारलं नाही.

रंगनाथ काठावर पालथा पडला, तोंडाला सोल्युशन लावून त्याने सातवा पाइप बसवला, पाच मिनिटं धरला आणि रेटला. तारेने झोल खाल्ला होता, पण बोटभरच. पुढच्या नळाच्या कडेला चकती अडखळली, तेव्हा मुंजाजीने चेनपुलीचे दोन दात आणखी ताणले आणि तोंड आत शिरलं.

"जेवायला बसलता का रं तिकडं?" मुंजाजीने पुढच्या अंगणातून ओरडून विचारलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दिनकरराव दिवे लागायच्या सुमारास आले. बायकोचं ओलं लुगडं दोरीवर बघून त्यांनी विचारलं आणि तिने सांगितलं. ते मागे आले. रंगनाथ हत्यारं पुसत होता.

"मला बोलवायचं होतंस."

"आला असता?"

सकाळी कामाआधी चेंबर पुन्हा धुवायचं होतं, तेव्हा दिनकरराव सदऱ्याच्या बाह्या सारून काठावर बसले. त्यांना ते नीट जमलं नाही. नर्मदाबाई मागे उभ्या राहून कोपरे दाखवत होत्या.

तिसऱ्या दिवशी चौदावा पाइप टाकीत उतरला. वरून सहा बादल्या पाणी सोडलं, मुंजाजीने टाकीवर बसून सहाही उतरलेल्या पाहिल्या. जुन्या आणि नव्या पाइपामधल्या फटी दोन्ही टोकांना सिमेंटने बुजवल्या. पेवाचा प्रश्न राहिला होता, कारण वरची फरशी कधीतरी खाली गेलीच असती. नवरात्र उठल्यावर नर्मदाबाईंनीच देवघरातली एक फरशी काढायची परवानगी दिली, आणि तेवढ्या भोकातून दिनकररावांच्या गड्यांनी दोन गाड्या वाळू आत सोडली. दगड नव्हे, वाळू. ते सासूबाईंच्या शब्दात बसत होतं. आड दोनदा उपसला. पावसाळा संपेपर्यंत त्याचं पाणी निवळलं.

हे काम चर न खणता झालं ही बातमी मानवतहून सेलूला, सेलूहून परभणीला गेली. त्यानंतर रंगनाथला अशी कामं येत राहिली. अट तो आधीच सांगायचा. काही लोक हसत, काही चिडत, पण खणायचा त्रास आठवला की बहुतेक जण डबा हातात घेत. एका मुख्याध्यापकांनी तर हातात घालायला रबरी मोजे आणले होते, त्याबद्दल रंगनाथचं काही म्हणणं नव्हतं.

नव्वद साली परभणीतल्या एका डॉक्टरचं काम आलं. डॉक्टरांनी अट ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला स्टेशनामागच्या वस्तीत पाठवलं. रंगनाथ पंपाच्या कामाला जिंतूरकडे गेला होता. खोलीच्या दारात मालनबाई बसली होती. तिला आता नीट दिसत नव्हतं. कंपाउंडरने सांगितलं की डॉक्टरसाहेबांना ऑपरेशनं असतात, त्यांना वेळ नाही, धुवायला एक माणूस ठरवू, त्याचे जे होतील ते देऊ, तेवढं रंगनाथला समजावून सांगा.

"फिटर घरी न्हाई," मालनबाई म्हणाली. "आन असता तरी आदी चेंबर धुवा म्हनला असता. डाक्टरला येळ नसंल तर डाक्टरिनीला धुवाया सांगा. मानवतच्या बाईनं धुतलंय, मी सोता हातावर पानी घातलंय तिच्या."

कंपाउंडर निघून गेला. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात मिस्त्री लावून अंगण खणून घेतलं.